ओढ्यापलीकडची भट्टी

कोळिंबवाडी, ता. चंदगड
१२ नोव्हेंबर २००२

अण्णा, शरणार्थ.

भाऊबीज झाली. ताट वाढून बसले होते, निरांजनात दोनदा तेल घातलं आणि शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. माझा भाऊ तर गडहिंग्लजात दुमजली बंगल्यात राहतो. शेजारची विठाबाई कुंपणापलीकडून बघत होती. मी ताट पदराखाली झाकून आत आले.

बूथवरून दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा वहिनी म्हणाल्या, "ते भाईर गेल्यात." मागं तुझा खोकला ऐकू येत होता. तुझा खोकला मी लहानपणापासून ओळखते, मला कशाला फसवतोस? म्हणून हे पत्र. फोन आपटता येतो, पत्र निदान फोडावं तरी लागतं.

आधी गोड बातमी. तुझी भाची आई होणार आहे. भूमिकाला तिसरा महिना लागलाय, मे अखेरीला दिवस भरतील. शशिधर बँकेत पेढे वाटून बसलाय. तिची सासू आताच म्हणते, "विहीणबाई, सातव्यात ओटी भरू आणि आठव्यात घेऊन जा." पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुला मी काय सांगायचं? मी खरं तर नाचायला हवं. पण बातमी ऐकली आणि पहिला विचार मनात आला तो विहिरीचा. मला भीती वाटते, अण्णा. हे गेले तेव्हाही मी गिरणीचा पट्टा स्वतः चढवायला शिकले, कुणापुढं रडले नाही. पण आता भीती वाटते.

कशाची ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू ते ऐकायला समोर बसत नाहीस.

काजूच्या टरफलाचं तेल काढायची भट्टी आपल्या भागाला काही नवी नाही. पण काजू दोन महिन्यांचा पाहुणा होता. चैत्र-वैशाखात बिया यायच्या, धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे, मृग लागला की भट्टी थंड. मग आफ्रिकेतून बोटीनं बिया यायला लागल्या. सरकारनं बाहेरचा माल मोकळा केला म्हणून तू आनंदानं जेवण घातलंस, मीही पुरणपोळ्या लाटल्या त्यात. तेव्हापासून धुराला सुट्टी नाही. तुझ्या फॅक्टरीत परदेशचे गिऱ्हाईक येतात, पांढऱ्या फरश्या बघतात, बायकांच्या डोक्यावरच्या टोप्या बघतात, नखंसुद्धा तपासतात म्हणे. टरफलं कुठं जातात, हे मात्र त्यांतल्या एकानंही विचारलेलं नाही. ती इथं येतात, आमच्या ओढ्यावर.

गेल्या वर्षी गिरणीवर दळण टाकायला येणाऱ्या बायकांनी मिळून अर्ज केला, कोल्हापूरहून प्रदूषण मंडळाचा साहेब आला, नोटीस लागली आणि तुझी भट्टी बंद झाली. अर्जावर पहिली सही माझी होती, म्हणून तू बोलत नाहीस. मी गावात साखर वाटली, तेही तुझ्या कानावर गेलं असेल. महिनाही झाला नाही आणि तीच भट्टी ओढ्यापलीकडं उभी राहिली. ओढा तो केवढा! उन्हाळ्यात शेरडू खूर न भिजवता पार जातं. पण अलीकडं महाराष्ट्र आणि पलीकडं कर्नाटक. शिवाय आता ती ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे तिथून जे निथळतं ते सगळं माझ्या विहिरीकडं. अख्खी आळी या विहिरीवर पाणी भरते.

मी कायमची बंद कर म्हणत नाही. एप्रिल ते जून बंद ठेव, तेवढं बाळंतपण होऊ दे. मामा आहेस तू तिचा.

तुझी
गिरिजा


२० जानेवारी २००३

अण्णा,

भीमाप्पाबरोबर तिळगूळ पाठवला होता. पोचला का? तो म्हणतो, "मालकांनी घेटला, खाल्ला, काय बोल्लं न्हाईत." खाल्लास, मग गोड बोलायला काय झालं?

तुझं उत्तर नाही, तरी मी लिहिणार. आपली मोरी म्हैस गाभडली. विठाबाईची पण. डॉक्टर म्हणाला, होतं असं कधी कधी. असेलही. पण पाणी शेंदलं की घागरीत वर रंगीत तवंग दिसतो, हात धुतले की बोटांच्या बेचक्या खाजतात, आणि वास येतो तो टरफलाचा नाही. टरफलाचा वास मी जन्मापासून ओळखते. हा वेगळा आहे, रॉकेलसारखा पण गोडसर.

मी भीमाप्पाला विचारलं. आपल्या अप्पांच्या गाडीवर होता तो, आता तुझ्या भट्टीवर राखणीला आहे, दळण माझ्याकडंच आणतो. म्हणाला, "अक्का, जळणाला आता लाकूड न्हाय. बंदरावनं निळी पिंपं येत्यात, काळं त्याल असतंय त्येंच्यात. सोस्त पडतंय म्हणं."

"काय तेल आहे?"

"वर कायतरी परक्या लिपीत लिवलंय. म्या काय वाचनार? मुकादमाला बी ठावं न्हाय. फुटकी पिंपं हाईत, गळत्यात वड्याकडं."

"मग सांगत का नाहीस कुणाला?"

"इचारलं की काम जातंय अक्का." आणि त्यानं धोतर वर करून पोटरी दाखवली. कातडी सोलली होती.

मी आळीचा नवा अर्ज घेऊन कोल्हापूरला जाऊन आले. साहेब नवा आहे, मान देऊन बसवलं, चहा दिला. नकाशा काढून ओढ्याच्या मधोमध बोट ठेवलं आणि म्हणाला, "बाई, आमची हद्द इथंवर. पलीकडं मी पाऊल टाकलं तर माझ्यावरच चौकशी लागंल." मग बेळगावला गेले. तिथला कारकून माझं कन्नड ऐकून खूश झाला, "बर्री अक्का, कूतकोरी", या बसा, म्हणाला. गावाचं नाव सांगेपर्यंत खूश होता. नाव ऐकल्यावर म्हणाला, तक्रार तुमच्या राज्यातली, अर्ज तुमच्या राज्यात करा. मी म्हटलं, भट्टी तुमच्यात आहे. तो हसला, "सीमाप्रश्नाचा निकाल लागू दे अक्का, मग बघू." त्यानंही चहा दिला. दोन्ही राज्यांचा चहा सारखाच होता.

परतताना गाडीत अर्ज तसाच मांडीवर होता. आतापर्यंत वाटत होतं, कुणीतरी वर बसलंय, त्याला सांगितलं की झालं. वर कुणीच नाही, अण्णा. तूच आहेस.

सध्या प्यायला डोंगरातल्या झऱ्याचं आणते. शिमग्यापर्यंत तो आटतो. भूमिका त्यानंतर येणार.

गिरिजा


२५ मार्च २००३

अण्णा,

तुझा निरोप मिळाला. इतक्या महिन्यांनी निरोप आला तो पाणी शुद्ध असल्याच्या छापील दाखल्यासह. बाटली भरून न्यायला आमच्या विहिरीवर कोण आलं होतं, ते आळीत कुणीच पाहिलं नाही. पण राहू दे, कागदावर कागद मी कुठवर लावू?

भूमिकाचं डोहाळजेवण झालं. तिला हिरवी साडी काय दिसत होती! मी वाढत फिरले, जेवायला बसले नाही. तिनं इकडं येऊ नये म्हणून विहीणबाईंना एकदा सांगितलं घराची कौलं उतरवलीत. मग सांगितलं गावात गोवर आहे. तिसऱ्यांदा काय सांगू सुचेना, तर त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लेकीचं बाळंतपण जड झालंय व्हय तुम्हाला?" भूमिकाचे डोळे भरले. म्हणाली, "अव्वा, मला घरी यायचंय. तू का नको म्हणतीस?"

खरं सांगावं तर तुझं नाव येतं. शशिधरचं स्थळ तूच आणलंस, त्या घरात तुझा शब्द चालतो. मामाच्या भट्टीनं माहेरची विहीर नासली, हे लेकीच्या सासरी कोणत्या तोंडानं बोलू? आता ती एप्रिलात येणार हे नक्की झालंय.

म्हणून काल जे झालं ते तुला मीच कळवते, दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून नको.

ओढ्याच्या वाळूत दोन्ही गावांची माणसं बसली. अलीकडून गणपतराव माजी सरपंच, पिराजी, आळीतल्या आम्ही सगळ्या. पलीकडून त्यांचे पंच. आमचे म्हणाले भट्टी हलवा, ते म्हणाले आमच्या पोरांना काम मिळालंय. तुझा दाखला फिरला. कुणी उलटा धरून वाचला. शेवटी पिराजी ओरडला, "ह्या कागदाला काय जाळायचंय? पाणी चांगलं हाय तर मालकानं पिऊन दावावं की!"

सगळे हसले. मी हसले नाही. मी उठून म्हणाले, माझ्या दारात, माझ्या हातनं, तांब्यात बेलाचं पान टाकून. बांधाचा तंटा आपल्याकडं बेलभंडारा उचलून मिटतो, कोर्टात नाही. प्रभुलिंगअण्णा प्यायला तर आम्ही अर्ज मागं घेतो. नाही प्यायला तर त्याच दिवशी भट्टी विझवायची.

गणपतराव म्हणाले, "गिरिजाबाई, इचार करून बोला. सख्खा भाऊ हाय तुमचा."

मी म्हटलं, म्हणूनच बोलते. माझा भाऊ पैशाला हलका असेल, पण बेलावर हात ठेवून खोटं करणार नाही. अप्पांनी शिकवलंय आम्हाला.

दोन्हीकडच्या पंचांनी मान डोलावली. ज्यात दोन सरकारं हात घालीनात ते बेलाच्या एका पानानं मिटणार, याचं मला इतकं समाधान वाटलं की रात्री खूप दिवसांनी झोप लागली. ये, अण्णा. पाणी वाईट असेल तर तांब्याला हात लावू नकोस, इतकंच. तुझा अपमान होणार नाही, मी बघून घेईन.

गिरिजा


१४ एप्रिल २००३

अण्णा,

तू काल आलास. जीप थांबली तेव्हा मी गिरणीत होते, तशीच पिठाच्या हातांनी धावले. पायावर पाणी घातलं तुझ्या. तू थकलायस, केस पांढरे झालेत. मला वाटलं, झालं, भाऊ परत मिळाला.

भूमिका चार दिवसांपूर्वीच आलीये. तिच्यासाठी मी चंदगडहून एसटीनं कॅनमध्ये नळाचं पाणी आणते, कंडक्टर कुरकुरतो. तिला सांगितलंय विहिरीचं जड आहे, पोटात धरेल. ती पोर हसते, म्हणते मी ह्याच विहिरीवर वाढले की.

सगळं अंगण भरलं होतं. मी विहिरीतून ताजं पाणी शेंदलं, तांब्या घासून घेतला, बेलाचं पान धुऊन टाकलं. आतून मी म्हणत होते, नको घेऊस, अण्णा, नको घेऊस. सगळ्यांसमोर मान खाली घाल, आम्ही कुणी तुला काही बोलणार नाही.

तू तांब्या घेतलास. कपाळाला लावलास. "शंभो" म्हणालास आणि प्यायलास. घटाघट, अर्ध्याच्या वर. तोंडसुद्धा वाकडं केलं नाहीस.

काय सांगू मला कसं वाटलं? मला रडू आलं, सुखाचं. मी उगाच भ्याले. उगाच भावाला गावासमोर उभं केलं. विठाबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली. पिराजीनं टोपी काढली. आणि भूमिका, एवढं पोट सावरत, उठून तुझ्यापाशी आली. "मामा, बेल हाय त्येच्यात, तीर्थ झालं ते. मला ठेव की." तुझ्या हातातला तांब्या तिनं घेतला.

तू तेव्हा तिच्याकडं बघितलंस. मी तुला बघत होते. तुझा हात असा पुढं झाला, तांब्या परत घ्यायला झाला, आणि मग मागं आला. ती प्यायली. मग विठाबाई, मग तिची सून, मग पोरंटोरं. तळाचा थेंबसुद्धा ठेवला नाही कुणी.

"हात धुऊन येतो," म्हणून तू गोठ्याच्या मागं गेलास. तुला टॉवेल दिला नव्हता म्हणून मी मागं आले.

मी पाहिलं, अण्णा. उकिरड्यापाशी वाकला होतास. दोन बोटं घशात घातली होतीस. एकदा नाही, पाणी संपून नुसती पित्ताची गुळणी येईपर्यंत. मी गवताच्या गंजीआड उभी राहिले, टॉवेल तोंडात कोंबून. तू चपलेनं वर शेण ओढलंस.

मी तुझ्या आधी अंगणात आले. तू आलास, मी टॉवेल पुढं केला. तोंड पुसलंस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "गोड हाय की गं पाणी!"

गणपतरावांनी तिथंच अर्ज फाडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात वाजत होते आणि मला ते माझे वाटत नव्हते.

कुणाला सांगितलेलं नाही. कुणी विश्वासही ठेवणार नाही, कारण अट घालणारी मीच आणि "माझा भाऊ खोटं करणार नाही" असं ओरडणारी मीच. उद्या पहिल्या गाडीनं भूमिकाला घेऊन तिच्या सासरी कोल्हापूरला जाते. रीत मोडली तर मोडली.


कोल्हापूर
२ मे २००३

अण्णा,

विहीणबाईंकडं आहे. त्यांना सांगितलंय की मलाच चक्कर येते, एकटीनं बाळंतपण झेपणार नाही. भर आठव्यात लेकीला परत आणून सोडणारी आई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. जेवताना माझ्या ताटात वाढतात, पण तोंडाकडं बघत नाहीत. शशिधर बिचारा बँकेतून उशिरा येतो.

भूमिकाचे पाय सुजलेत, रक्तदाब वर गेलाय. दवाखान्यातल्या बाई शांत आहेत. म्हणतात पहिलटकरणीला असं होतं, काळजी करू नका, लक्ष ठेवू. मी त्यांना एकटीला गाठून पाण्याचं सांगितलं. सगळं नाही, तुझं नाव नाही. त्या म्हणाल्या, "एक-दोन घोटांनी सहसा काही होत नाही आजी. पण काय होतं त्या पाण्यात?"

मी म्हटलं, काजूच्या टरफलाचं तेल.

"आणि?"

म्हटलं, जळणाचं काळं तेल. बंदरावरचं.

"कसलं? तेलातेलात फरक असतो. काहींनी नुसती हगवण लागते, आणि काही अंगात मुरून बसतात. नाव कळलं तर मला वाचून बघता येईल, वरच्या डॉक्टरांना विचारता येईल."

माझ्याकडं नाव नव्हतं. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि माझे दात वाजायला लागले, भर उन्हाळ्यात. शेजारच्या बाईनं विचारलं, ताप हाय का?

अण्णा, आता मला भट्टी बंद नको. माफी नको. गावात तुझी फजिती करायची नाही. तुझ्या पोटातलं तू काढून टाकलंस, तिच्या पोटात ते राहिलं. तुला काहीतरी माहीत होतं म्हणून तू बोटं घशात घातलीस ना? तेवढं सांग. त्या पिंपांत काय आहे? कन्नडमध्ये लिही, इंग्रजीत लिही, आकडे असतील तर आकडे लिही. मी डॉक्टरांना दाखवते आणि कागद जाळून टाकते. रागाचं पत्र नाही हे. मला फक्त नाव हवंय.

तुझ्या पाया पडते.
गिरिजा


कोल्हापूर
१० जून २००३

अण्णा,

बाळ काचेच्या पेटीतून बाहेर आलं. दिवस पुरे भरायच्या आधी झालं, मूठभर आहे, पण दूध ओढतं. मुलगी आहे. भूमिका उठून बसते. विहीणबाई हरखल्यात, मला पुन्हा "अहो विहीणबाई" म्हणायला लागल्यात. सगळे म्हणतात देवानं राखलं. मी पण म्हणते. आणि मग सगळे उठून गेले की तिच्या दुपट्याची गाठ सोडून बोटं मोजते, डोळ्यांपुढं हात फिरवते, टाळी वाजवून दचकते का बघते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता ठीक आहे. मोठी होईल तसं लक्ष ठेवा." कशावर लक्ष ठेवू ते त्यांनाही सांगता येईना. ती चालेपर्यंत, बोलेपर्यंत, शाळेत जाईपर्यंत मी असंच बघत बसणार बहुतेक.

बाळ पेटीत होतं तेव्हा तू दवाखान्यात आलास, पत्र मिळाल्यावर. काचेतून पेटीकडं पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. मी तुला जिन्यापाशी नेलं आणि विचारलं. मला वाटलं होतं तू नाकारशील, चिडशील, निदान खोटं नाव सांगशील. तू जिन्याचा कठडा धरलास आणि म्हणालास, "गिरिजा, बेलाची आण. मलाबी ठावं न्हाई."

मी म्हटलं, मग ओकलास का?

"ठावं न्हाई म्हणूनच की."

तुझ्या शब्दावर माझा विश्वास बसला. बेलाची आण खाल्लीस म्हणून नाही, तुझे ओठ पांढरे पडले होते म्हणून. तू म्हणालास, दलाल स्वस्त म्हणाला, बंदरात कुणी अडवलं नाही, रस्त्यात कुणी अडवलं नाही, हद्दीवर दोन्ही बाजूंनी कुणी विचारलं नाही, मग मीच कशाला विचारू? तेव्हापासून माझी भीती कमी झाली नाही, वाढलीच. आधी वाटायचं, तू लबाड आहेस पण तुला तरी ठाऊक आहे. बोटीनं येतं, ट्रकनं येतं, जळतं, ओढ्यात उतरतं, लेकरांच्या पोटात जातं, आणि ते काय आहे हे या सगळ्या वाटेवर एकालाही ठाऊक नाही.

विठाबाईचा निरोप आला परवा. भट्टीला दुसरी भट्टी जोडलीस म्हणे. आळीत आता कुणी कुरकुर करत नाही. सून पाणी भरताना नाक मुरडते, तर म्हातारी तिला दटावते, "गप, प्रभुलिंगानं बेल घालून प्यालंय." तिची ती सून पोटुशी आहे, चौथा महिना.

मी उद्या गावी जाते. सोमवारी वाळूत दोन्ही गावांची माणसं पुन्हा बसतील, गणपतरावांना तसं कळवलंय. तुझं उकिरड्यावरचं तुला सांगायची लाज वाटेल, ते मी सांगीन. कसली बहीण म्हणून माझ्यावर थुंकले तरी सांगीन. पण "मला ठाऊक नाही", हे तुलाच येऊन सांगावं लागेल, अण्णा. मी सांगितलं तर ते म्हणतील, बाई भावावर जळते. ते पाणी तू प्यायलास म्हणून पितात. तू सांगितल्याशिवाय ते थांबायचे नाहीत.

गिरिजा